मित्रांची भिशी: विश्वास किती, वही किती?

काटोल_रोड (धागाकर्ता)

राजेहो, बारा मित्रांची भिशी सुरू करायचं घाटतंय. माणशी महिना ५,००० रुपये, म्हणजे दर महिन्याला एकाच्या हातात ६०,०००. बाराही जण एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, एकमेकांच्या घरच्या लग्नाकार्यात राबलेले आहेत. तरी बोलणं तीन गोष्टींवर अडलंय: नंबर कसे लावायचे, हप्ता उशिरा आला तर काय करायचं, आणि भिशी उचलून एखादा थांबला तर भुर्दंड कोणी सोसायचा.

माझं मत असं, की मित्रांमध्ये वही आली की व्यवहार शिरतो. ज्याच्या भरवशावर घराची किल्ली देतो त्याची पाच हजारासाठी सही कशाला घ्यायची? पण गटातल्या निम्म्या लोकांना वही पाहिजे. ज्यांना भिशीची बारीकसारीक माहिती आहे त्यांनी नेमकं सांगावं. नुसतं "सांभाळून राहा" नको.

महाल_गल्ली

वही पाहिजेच. विश्वास माणसावर ठेवा, आठवणीवर ठेवू नका. भांडणं बहुतेक वेळा लबाडीवरून होतच नाहीत. "मी तर दिले होते" आणि "माझ्याकडे नाही आले" यावरून होतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

साधी शंभर पानी वही घ्या. एका महिन्याला एक पान. रकाने पाचच: नाव, तारीख, रोख की यूपीआय, रक्कम, सही. पानाच्या डोक्यावर "भिशी ४/१२" आणि ज्याने उचलली त्याचं नाव. खाली त्याची सही, "६०,००० पूर्ण मिळाले" असं त्याच्याच अक्षरात. त्याच रात्री पानाचा फोटो ग्रुपवर.

गणिताचा_तास

आधी आकडे पाहा, मग विश्वास नेमका कुठे लागतो ते दिसेल.

पहिल्या नंबरवाल्याने ५,००० भरले आणि ६०,००० घेतले. त्याच्या अंगावर ५५,००० राहिले, ते तो अकरा महिन्यांत बिनव्याजी फेडणार. हेच पैसे वर्षाला १२ टक्क्यांनी उचलले असते तर सुमारे ३,३०० रुपये व्याज गेलं असतं. शेवटच्या नंबरवाल्याचं उलट आहे. तो वर्षभर भरतो आणि स्वतःचेच ६०,००० परत घेतो. ६ टक्के धरले तरी त्याचं १,६५० रुपयांच्या आसपास व्याज बुडतं. म्हणजे मागचे नंबर पुढच्यांना कर्ज देत असतात, फक्त त्याला कोणी कर्ज म्हणत नाही.

मग शेवटचा कशाला येतो? एकट्याने साठवलं तरी त्याला बारा महिने लागलेच असते, आणि दर महिन्याला पैसे बाजूला काढायची सक्ती त्याला भिशीत आयती मिळते. बाकी अकरा जणांना रक्कम एकट्याने साठवण्याच्या आधी मिळते. बाराही जणांची सरासरी काढली तर साडेसहाव्या महिन्यात.

आता धोका. तिसऱ्या नंबरवाल्याने उचलून हात वर केले तर त्याने भरलेले १५,००० आणि घेतलेले ६०,०००. खड्डा ४५,००० चा. दहावा थांबला तर खड्डा फक्त १०,००० चा. सगळा विश्वास पहिल्या चार-पाच नंबरांत लागतो. तिथे कोण बसतं एवढं नीट ठरवा, निम्मं काम झालं.

तर्री_पोहे

भाऊ, नागपुरात अर्धे लोक याले बीसीच म्हणतात. नाव काही ठेवा, पण चिठ्ठी सगळ्यायच्या समोर काढा. घरी काढून ग्रुपवर नाव टाकलं की संशय आलाच समजा.

संत्रा_बर्फी

चिठ्ठीची पद्धत सांगते, कारण इथेच घोळ होतात.

एकाच कागदाच्या एकाच मापाच्या बारा पट्ट्या, एकाच पेनाने, एकाच्याच अक्षरात. प्रत्येकाने आपलं नाव वाचून पट्टी स्वतः दुमडायची, चार घड्या. स्टीलचा डबा आधी उपडा करून दाखवायचा. चिठ्ठी घरातल्या लहान मुलाने काढायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक विसरतात: नाव निघाल्यावर डब्यातल्या उरलेल्या चिठ्ठ्या उघडून सगळ्यांना दाखवायच्या. एकाच नावाच्या दोन चिठ्ठ्या किंवा एखाद्याची चिठ्ठीच नाही, हे तिथेच कळतं. मोबाइलवर नंबर काढणारं ॲप वापरू नका. ते प्रामाणिक असेलही, पण डोळ्यांना दिसत नाही, आणि बारा जणांचं समाधान डोळ्यांनी होतं.

अंबाझरी_ओव्हरफ्लो

चिठ्ठीत अडचण अशी, की नवरात्रात दुकानाचा माल भरायचा आहे त्याला अकरावा नंबर लागतो आणि ज्याला काहीच घाई नाही त्याला पहिला. मग दोघं गुपचूप अदलाबदल करतात, त्यात "वरचे हजार दे" सुरू होतं. त्यापेक्षा बोलीची भिशी बरी नाही का? ज्याला गरज तो ५४,००० वर उचलेल, सोडलेले ६,००० बाराजणांत ५००-५०० वाटायचे.

वकिलीण_बाई

बोलीपासून दूर राहा. चिट फंड कायदा, १९८२ चा, हप्त्याहप्त्याने पैसे गोळा करून चिठ्ठी, लिलाव किंवा निविदेने एकाला रक्कम द्यायच्या कराराला "चिट" म्हणतो, आणि चिट चालवायला राज्य सरकारची आधी मंजुरी आणि नोंदणी लागते. त्याच व्याख्येच्या स्पष्टीकरणात मात्र असं आहे, की सगळ्या सभासदांना आळीपाळीने रक्कम मिळते आणि पुढचे हप्ते भरायची जबाबदारी राहते, असा व्यवहार चिट धरायचा नाही. मित्रांची साधी भिशी या खिडकीत बसते. म्हणून दर महिन्याला चिठ्ठी काढण्यापेक्षा पहिल्याच बैठकीत बाराही नंबर लावून टाका आणि पुढे ठरलेल्या पाळीने चला. बोली नको, चालवणाऱ्याला कमिशन नको, ओळखीच्या ओळखीचे पैसे नकोत.

भिशीतून उरलेले पैसे व्याजाने फिरवायची कल्पना कोणाच्या तरी डोक्यात येतेच. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवान्याशिवाय तो धंदा करणं गुन्हा आहे.

शेतावरून

अंबाझरी भाऊंचा प्रश्न बरोबर आहे, उत्तर दुसरीकडे आहे. गरजेप्रमाणे पाळी लावायची पद्धत आपल्या गावांत जुनीच आहे, तिला सावड म्हणतात.

एकाकडे एक बैल, दुसऱ्याकडे एक. दोघं मिळून जोडी करतात. आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. निंदणाला बायांचीही तशीच सावड असते: तुझ्या घरच्या दोघी माझ्याकडे दोन दिवस, तर माझ्या घरच्या दोघी तुझ्याकडे दोन दिवस. दिवस मोजूनच फेडतात, त्यात कोणाला वाईट वाटत नाही. पण पाळी चिठ्ठीने लागत नाही. पाऊस पडून गेला की हलक्या, मुरमाड जमिनीला वाफसा, म्हणजे अवजार चालेल इतपत ओल, आधी येतो, भारी काळ्या जमिनीला दोन-चार दिवस उशिरा. मग हलकी जमीन ज्याची त्याची डवरणी, म्हणजे कोळपणी, आधी. काळीवाल्याला आपली पाळी मागे आहे याचं काही वाटत नाही, कारण आधी जाऊनही त्याचं डवरं चिखलात फसणारच. एकाची घाई दुसऱ्याच्या आड येत नाही, तिथे क्रम आपोआप लागतो.

भिशीत हेच करा. बैठकीत प्रत्येकाने आपला महिना सांगायचा, कारणासह: शाळेची फी जूनमध्ये, विमा मार्चमध्ये, लग्न फेब्रुवारीत. बारा जणांत एकाच महिन्यावर दोघं-तिघं अडतात तेवढ्यापुरती चिठ्ठी काढा. बाकीचे बोलून लागतात.

महाल_गल्ली

सावडीसोबत इर्जिकही सांगा ना. ती दुसरीच गोष्ट आहे.

शेतावरून

हो. एखाद्याची नांगरणी अडली, की तो गावाला हाक देतो, लोक आपापल्या जोड्या घेऊन येतात आणि एका दिवसात वावर उलटून देतात. मजुरी नाही, दिवस मोजायचे नाहीत. ज्याचं वावर त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, एवढंच. पुढे दुसऱ्याने हाक दिली तर हा जाणारच, पण कोणी वहीत मांडून ठेवत नाही.

काटोल रोड भाऊ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यात आहे असं मला वाटतं. एकाच गावात, त्याच माणसांत सावडही चालायची आणि इर्जिकही. कोणतं काम मोजून फेडायचं आणि कोणतं न मोजता, हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असायचं. भिशी ही सावड आहे. मित्राच्या पोरीच्या लग्नात तीन दिवस राबणं ही इर्जिक आहे. गडबड होते ती एकाला दुसऱ्याचा कायदा लावला की. लग्नात राबलो म्हणून भिशीचा हप्ता उशिरा चालेल असं कोणी धरलं, तर दोन्ही बिघडतात.

काटोल_रोड

हे पटलं. म्हणजे वही ठेवायची, पण भिशीपुरतीच.

ब्रेड_बटर_समीकरण

इथे थोडं शास्त्र आणतो, कारण हाच प्रश्न संगणकावर लावून पाहिलेला आहे. १९८० च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने एक स्पर्धा घेतली. दोन खेळाडू, प्रत्येक चालीत दोनच पर्याय: साथ द्यायची किंवा दगा द्यायचा. दोघांनी साथ दिली तर ३-३ गुण. एकाने साथ दिली आणि दुसऱ्याने दगा, तर दगा देणाऱ्याला ५ आणि साथ देणाऱ्याला शून्य. दोघांनी दगा दिला तर १-१. पहिल्या फेरीला तज्ज्ञांचे चौदा प्रोग्राम आले, दुसरीला बासष्ट. दोन्ही वेळा अनातोल रॅपोपोर्टचा सगळ्यात छोटा प्रोग्राम जिंकला: पहिली चाल साथ, नंतर समोरच्याने मागच्या चालीत जे केलं तेच.

भिशीला यातून दोन गोष्टी मिळतात. एक, सुरुवात साथ देऊनच करायची, परीक्षा घेत बसायचं नाही. दुसरी जास्त कामाची: साथ टिकते कारण पुढेही एकत्र खेळायचं आहे. शेवटची चाल कोणती हे कळलं, की साथ द्यायचं कारण पातळ होतं. त्यामुळे पुढची भिशी या भिशीच्या बाराव्या महिन्यात जाहीर करू नका, आठव्या-नवव्या महिन्यातच करा. पुढच्या फेरीतले नंबर या फेरीतल्या वेळेवर भरण्यावर लावा. ज्याने दुसऱ्याच महिन्यात उचलली आहे त्यालाही मग शेवटपर्यंत वेळेवर भरायला कारण राहतं.

गणिताचा_तास

यात भर. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करा: पहिला बारावा होतो, बारावा पहिला. मी वर सांगितलेला व्याजाचा फरक दोन फेऱ्यांत बराचसा फिटतो. एकच ध्यानात ठेवा, बाराव्याला लागोपाठ दोन महिने ६०,००० मिळतात, म्हणजे एकदम १,२०,००० हातात. पण त्याने आधी वर्षभर न चुकता भरलेलं असतं, त्यामुळे त्याच्यावर भरवसा ठेवायला आधार आहे.

तर्री_पोहे

मास्तर, जशास तसं ठीक आहे, पण फोन बंद पडला, सर्व्हर गेलं, पगारच ७ तारखेले झाला, तं काय? लगेच तोंड फिरवायचं काय?

ब्रेड_बटर_समीकरण

नाही, आणि त्यावरही काम झालंय. चुकून झालेला दगा आणि खरा दगा समोरच्याला सारखाच दिसतो. दोन जशास तसे खेळाडू एका चुकीवरून कायम एकमेकांवर सूड उगवत राहू शकतात. मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमुंड यांनी १९९२ मध्ये दाखवलं, की अशा गोंधळात अधूनमधून माफ करणारा खेळाडू जास्त टिकतो. पण प्रत्येक वेळी माफ करणाराही बुडतो. पहिला उशीर विचारून सोडा, दुसऱ्याला बोला.

निंबू_सोडा

उशिरासाठी सरळ ५० रुपये दंड ठेवा, विषय संपला.

गणिताचा_तास

संपत नाही, तिथूनच सुरू होतो. ५,००० महिनाभर थांबवायचे ५० रुपये म्हणजे महिन्याला १ टक्का. वर्षाला १२. एवढ्या स्वस्तात तारणाशिवाय कर्ज कुठे मिळतं? हिशेबी माणूस दर महिन्याला ५० रुपये देईल आणि महिनाभर तुमचे पाच हजार वापरेल, वर "दंड भरला ना" म्हणेल.

ब्रेड_बटर_समीकरण

हे प्रत्यक्ष तपासलेलं आहे. इस्रायलमध्ये हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांवर उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी प्रयोग केला, तो २००० मध्ये छापून आला. काही पाळणाघरांत मुलाला दहा मिनिटांहून उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना १० शेकेल दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी जवळपास दुप्पट झाला. नंतर दंड काढून टाकला तरी तो खाली आला नाही. आधी बाई ताटकळतात याची लाज होती. दंड आल्यावर ती विकत घेतलेली सेवा झाली.

संत्रा_बर्फी

मग करायचं काय, ते सांगते. पैशाचा दंड नको, नंबर मागे टाका. तारीख ५. पाचला रात्री नऊपर्यंत हप्ता आला नाही तर चालवणाऱ्याने एकट्याला फोन करायचा, ग्रुपवर नाही. ७ तारखेला ग्रुपवर फक्त "अकरा आले, एक बाकी", नाव न घेता. १० तारीख ओलांडली तर ज्याने अजून उचलली नाही त्याचा नंबर एक पायरी खाली. ज्याने उचलली आहे त्याला पुढच्या फेरीत शेवटचे तीन नंबर. पायऱ्या आधी वहीच्या पहिल्या पानावर लिहून बाराही जणांच्या सह्या घ्या. लिहिलेलं असलं की चालवणाऱ्याला वाईट व्हावं लागत नाही. तो फक्त पान दाखवतो.

सक्करदरा_चौक

चालवणाऱ्याचा विषय कोणी काढलाच नाही. बहुतेक भिश्यांत पहिला नंबर चालवणाऱ्याचा असतो. फुकट राबतो म्हणून. हे बरोबर आहे का?

महाल_गल्ली

बरोबर आहे, पण एका अटीवर. पहिला नंबर घेतो त्याने बुडीत सोसायची. जुन्या लोकांत हाच सौदा होता: चालवणारा पहिली भिशी उचलतो आणि कोणी थांबला तर त्याचा हप्ता स्वतः भरतो. आता पहिला नंबर घेतात आणि जबाबदारीवर गप्प बसतात.

वकिलीण_बाई

मला उलटं वाटतं. मित्रांच्या भिशीत चालवणाऱ्याने शेवटचा नंबर घ्यावा. त्याचे पैसे सगळ्यात शेवटी अडकलेले असले तर वसुलीला तो सगळ्यात जास्त झटेल, आणि बाकीच्यांनाही त्याचा भरवसा दिसेल. एका मित्रावर ४५,००० च्या खड्ड्याची जबाबदारी टाकणं मला न्यायाचं वाटत नाही.

महाल_गल्ली

मग फुकटात वर्षभर फोन कोण करेल? दर महिन्याला अकरा जणांच्या मागे लागणं हे काम आहे, ताई. शेवटचा नंबर आणि वरून काम, असं दोन्ही एकावर टाकू नका.

सक्करदरा_चौक

मधला रस्ता: दोघांनी चालवायची. एक वही ठेवतो, दुसरा तारखा पाहतो. एकाचा पहिल्या तिघांत नंबर, दुसऱ्याचा शेवटच्या तिघांत. दोघांचं हित वेगवेगळ्या टोकाला असलं की एकमेकांवर नजर राहते.

निंबू_सोडा

पैसे चालवणाऱ्याकडे कशाला जमा करायचे पण? यूपीआय आहे ना. अकरा जणांनी सरळ ज्याची पाळी त्याच्या खात्यात ५,००० टाकायचे, टिपणीत "भिशी ४/१२". मधे कोणाच्याच हातात पैसा थांबत नाही. फक्त नवीन फोन घेऊन यूपीआय नव्याने सुरू केलं असेल तर अनेक बँका पहिल्या २४ तासांत ५,००० च्या वर जाऊ देत नाहीत. हप्त्याच्या दिवशी फोन बदलू नका.

धरमपेठ_टॉकीज

यूपीआयने एक गोष्ट मात्र मारली, ती म्हणजे भेट. बायकांच्या भिश्या वर्षानुवर्षं का टिकतात? दर महिन्याला एकीच्या घरी सगळ्या जमतात. आली नाही तर लगेच विचारणा होते, आणि ती विचारणा वसुलीची नसते, काळजीची असते. घरात आजारपण आहे, धंदा बसलाय, हे हप्ता चुकायच्या आधी दोन महिने कळतं. पैसे फोनवरून गेले की हप्ता चुकतो तेव्हाच कळतं. भिशीचं खरं तारण दर महिन्याची ती बैठक आहे. पैसे यूपीआयने पाठवा, पण पाचला संध्याकाळी भेटा.

संत्रा_बर्फी

शंभर टक्के. फक्त खाण्याला लगाम घाला. पहिल्या महिन्यात पोहे, दुसऱ्यात पोहे आणि जिलेबी, सहाव्यापर्यंत घरोघरी केटरर. कोणालाच कमी पडायचं नसतं. ज्याला झेपत नाही तो भिशी सोडतो आणि कारण भलतंच सांगतो. नियमात लिहा: चहा आणि एक पदार्थ. बस.

तर्री_पोहे

एक पदार्थ म्हणजे तर्री पोहे. लिहून टाका.

बुटीबोरी_शिफ्ट

थोडं विषयांतर, पण इथले नियम गाडीलाही लागतात. चौघं मित्र एका गाडीने बुटीबोरीला जातात तेव्हा आठवडा एकाची गाडी अशी पाळी लावतात. ज्याच्याकडे गाडी नाही तो पेट्रोलचे देतो. रोज जाऊन-येऊन ६० किलोमीटर, १५ चं ॲव्हरेज धरा, ४ लिटर. चौघांत भागलं की माणशी एक लिटर. इथवर भांडण नाही. भांडण थांबण्यावरून होतं. एक जण रोज दहा मिनिटं उशीर करतो आणि तिघं गाडीत बसून घड्याळ पाहतात. पाच मिनिटं थांबायचं, मग निघायचं, हे पहिल्या दिवशी ठरवा आणि पहिल्याच आठवड्यात पाळा. राहिला त्याने मेट्रोने खापरीला यायचं, तिथून घेऊ. नियम महिनाभर ढिला सोडून मग पाळायला गेलात तर तोच रागावतो, आणि त्याचं चुकत नाही.

अंबाझरी_ओव्हरफ्लो

हातउसन्याबद्दलही कोणी सांगा. भिशीपेक्षा तिथे जास्त मैत्र्या तुटतात.

वकिलीण_बाई

हातउसने देताना तीनच गोष्टी. रक्कम २०,००० किंवा वर असेल तर रोखीने देऊ-घेऊ नका, आयकर कायद्यात ते बसत नाही. बँकेतून द्या. दुसरं, पैसे गेल्यावर लगेच मित्राकडून एक ओळ मागा: "२५,००० मिळाले, दिवाळीपर्यंत देतो." त्यात रक्कम आणि तारीख दोन्ही हवीत. पैसे वसूल करायचा दावा साधारण तीन वर्षांत करावा लागतो, आणि त्या मुदतीत त्याने लेखी कबुली दिली की मुदत नव्याने सुरू होते. तिसरं, तारीख गेली तर "कधी देतोस" विचारू नका, "या महिन्यात २,००० जमतील का" विचारा. पहिल्या प्रश्नाने माणूस फोन टाळायला लागतो. दुसऱ्याने दोन हजार येतात आणि बोलणं चालू राहतं. पैशापेक्षा बोलणं बंद पडल्याने जास्त बुडतं.

निंबू_सोडा

भिशीत पुढच्या तारखेचे चेक घ्यावेत का? काही जण घेतात.

वकिलीण_बाई

घेतलेत तर ते नीट समजून घ्या. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. वटला नाही तर बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, मग पैसे द्यायला १५ दिवस, तरीही दिले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात तक्रार. हे सगळं मित्रावर करायची तुमची तयारी आहे का? नसेल तर चेक नुसता कागद आहे, आणि मागताना जो अविश्वास दिसला तो मात्र खरा राहतो. त्यापेक्षा राखीव रक्कम ठेवा.

गणिताचा_तास

राखीवेचा हिशेब: हप्त्यासोबत माणशी २५० जास्त. महिन्याला ३,०००, वर्षाला ३६,०००. चालवणाऱ्या दोघांचं संयुक्त खातं, दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत असं. काही झालं नाही तर शेवटी प्रत्येकाला ३,००० परत.

काटोल_रोड

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. वही ठेवतो, महिने बोलून लावतो, दंड काढून टाकतो. एक प्रश्न उरला, आणि गटात सगळ्यांना तोच छळतोय. लबाडाचं सोडा. मधेच एखाद्या चांगल्या मित्राची नोकरी गेली तर? त्याच्याकडून वसूल करायला जीव होत नाही आणि सोडलं तर बाकीच्यांवर अन्याय.

संत्रा_बर्फी

उचलली नसेल तर सोपं आहे. त्याने चार महिन्यांचे २०,००० भरले असतील, तर बदली माणूस आणा. बदलीने ते २०,००० त्याला द्यायचे आणि त्याची जागा व नंबर घ्यायचा. बदली मिळाला नाही तर त्याचे २०,००० फेरीच्या शेवटी द्या. किंवा, आणि मला हे जास्त बरोबर वाटतं, याच्या आधीच्या नंबरवाला एखादा स्वतःहून नंबर देत असेल तर याला आधी उचलू द्या. अडचणीच्या महिन्यात ६०,००० हातात आले तर पुढचे हप्तेही त्यातूनच भरता येतात.

गणिताचा_तास

चौथ्या महिन्यात उचलून बसला असेल तर आठ हप्ते, ४०,००० बाकी. हप्ता अर्धा करा, २,५००, सोळा महिने. उरलेले २,५०० दर महिन्याला राखीवेतून भरा. त्याने राखीवेचे २५० थांबवले तरी बाकी अकरा जणांचे २,७५० येतात, म्हणजे खड्डा भरतो आणि कोणाचीच भिशी कमी निघत नाही. फेरी संपल्यावर पुढचे आठ महिने तो २,५०० राखीवेत टाकत राहील, ते २०,००० आले की सगळ्यांची राखीव परत. तोपर्यंत प्रत्येकाचे पावणेदोन हजारांच्या आसपास रुपये अडकून राहतील.

शेतावरून

हे आजच पहिल्या पानावर लिहा, कोणाचीच नोकरी गेलेली नसताना. आणि त्याला हात पसरावा लागू नये म्हणून असं लिहा: "अडचण आली तर चालवणाऱ्या दोघांपैकी एकाला सांगायचं, कारण विचारलं जाणार नाही, अर्धा हप्ता लागू." ग्रुपवर सांगायची सक्ती ठेवू नका.

काटोल_रोड

हे वाक्य जसंच्या तसं घेतो. रविवारी बैठक आहे, शंभर पानी वही आणि स्टीलचा डबा दोन्ही घेऊन जातो. फेब्रुवारीवर तिघं अडलेत, तेवढी चिठ्ठी काढू.

तर्री_पोहे

उरलेल्या चिठ्ठ्या उघडून दाखवजा, भाऊ.